वाऱ्याखालचा फटका

चूक माझी होती. एवढं एक आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे इतरांबद्दल मोकळेपणाने बोलता येईल.

पोर्टस्केलीच्या गोल्फ क्लबाचा मी सेक्रेटरी. हे पद मला खेळामुळे मिळालेलं नाही, अक्षरामुळे मिळालं. बंदराच्या कचेरीत मी माशांच्या पेट्या मोजून लिहितो, आणि मोठ्या गावातल्या शाळेत शेवटच्या वर्गापर्यंत टिकलेला माझ्या वयाचा गावात मी एकटाच. बाकीचे पंधराव्या वर्षी बोटीवर गेले. त्यामुळे ज्या कामात पेन लागतं ते सगळं माझ्या गळ्यात. आता क्लब म्हणायचं ते एका पत्र्याच्या शेडीला. आत एक स्टोव्ह, दोन बाकं आणि ओल्या लोकरीचा वास. पण मैदान मात्र देवाने स्वतः अंथरलेलं आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला काटेरी झुडपं, मध्ये मेंढ्यांनी कुरतडलेलं गवत, आणि वर वर्षाचे तीनशे दिवस वारा.

दर ऑक्टोबरात शेजारच्या क्रेगी गावाशी आमचा सामना होतो. आठ त्यांचे, आठ आमचे. क्रेगी तीन मैलांवर आहे आणि तिथली माणसं कशी आहेत ते मी सांगत नाही. तिथून बायको करून आणलेल्या आमच्या माणसांना वाईट वाटेल.

आता गावाची एक अडचण समजून घ्या. पोर्टस्केलीत आडनावं तीन, फ्लेट, मेअर आणि कूल, आणि माणसांना ठेवायची नावं पाच-सहा. आजोबाचं नाव नातवाला द्यायचंच, मग दुसरं होणार काय? म्हणून प्रत्येक घराला टोपणनाव असतं. ते बापाकडून मुलाकडे जातं, बोटीतल्या हिश्श्यासारखं. पोस्टमन ते वापरतो, डॉक्टर वापरतो, आणि मेल्यावर दगडावरही ते कोरतात, म्हणजे देवाचा घोटाळा होऊ नये. खिळा, गाजर, ओली बंडी, पाद्री (हा अठरा वर्षं चर्चमध्ये फिरकलेला नाही). यात कुणाला काही वाटत नाही.

मला वाटलं. मागच्या वर्षी संघाची यादी मी क्रेगीच्या सेक्रेटरीला टोपणनावांसकट पाठवली होती. तो शाळामास्तर, मिस्टर पिरी. त्याने ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली आणि विचारलं, "हा संघ आहे की सर्कस?" त्यांचे लोक पोट धरून हसले. शिकलेल्या माणसाला दुसऱ्या शिकलेल्याने मारलेला टोमणा फार लागतो. म्हणून या वर्षी मी ठरवलं, यादी सभ्य माणसांसारखी लिहायची. नाव, आडनाव, बस. एक प्रत क्रेगीला धाडली. दुसरी सहकारी दुकानाच्या खिडकीत, वायुभारमापकाच्या खाली लावली. तिथे गावातला प्रत्येक पुरुष दिवसातून दोनदा नाक लावतो.

शेवटचं, आठवं नाव होतं, जोसेफ फ्लेट.

जोसेफ फ्लेट गावात तीन. एक खिळा. हा एकोणीस वर्षं संघात होता, आणि वाऱ्यात बुटका, सरपटता फटका मारावा तर त्यानेच. दुसरा चार वर्षांचा आहे, त्याने काही हरकत घेतली नाही. तिसरा रेशीम.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेशीम माझ्या कचेरीत उभा. दोन्ही हातांत हातमोजे, काखेत छत्री.

"सेक्रेटरीसाहेब," तो म्हणाला, "मला माहीत होतं, कधी ना कधी तुम्ही माझा विचार कराल. घाई केली नाहीत, हे बरं केलंत. मीही घाईचा माणूस नाही."

"मिस्टर फ्लेट, ते नाव..."

"बायको, फीमी, काल रडली. आनंदाने हो. बेकरीत सांगून आलो. चर्चच्या वडीलधाऱ्यांना सांगितलं. पर्थला माझ्या जुन्या साहेबांना पत्र टाकलं." त्याने हातमोजा काढून माझा हात हातात घेतला. "तीन वर्षं झाली मला परत येऊन. पहिल्यांदाच कुणीतरी माझं नाव कशावर तरी लिहिलंय."

यावर तोंड उघडेल असा माणूस मी नाही. तुम्ही असाल तर तुमचं कौतुक आहे.

"मग नाव काढून टाकायचं," असं तुम्हाला वाटेल. ते होत नाही. त्याच खिडकीत हंगामाच्या सुरुवातीला बोटींच्या खलाशांच्या याद्या लागतात, आणि तिथे लागलेलं नाव आमच्याकडे एकाच कारणासाठी खोडतात. माणूस बुडाला तर. माझ्या लहानपणापासून त्या काचेमागे मी चार नावांवर रेघ ओढलेली पाहिली आहे. गोल्फच्या यादीसाठी वेगळा नियम करू या, असं म्हणण्याची छाती ना माझी झाली ना दुसऱ्या कुणाची.

तर हा रेशीम. नाव आजोबाचं. आजोबाने म्हणे एकदा हेरिंग माशांच्या बोटीवर जाताना गळ्यात रेशमी रुमाल बांधला होता. तेवढं तीन पिढ्यांना पुरलं. नातू पंधराव्या वर्षी बापाच्या बोटीवर गेला, बंदराची भिंत ओलांडण्याआधीच ओकायला लागला आणि पाच दिवस ओकत राहिला. सहाव्या दिवशी बापाने त्याला धक्क्यावर उतरवलं. बाप त्याला काहीच बोलला नाही. गावही काही बोललं नाही. न बोलणं आम्हाला फार चांगलं जमतं. पोरगा पर्थला गेला, विम्याच्या कचेरीत चिकटला, आणि चव्वेचाळीस वर्षं इतर लोकांची घरं जळतील की नाही याचे अंदाज बांधत बसला. तिकडे तो गोल्फ शिकला. पर्थचं मैदान झाडांच्या आत, नदीकाठी. वारा येतो तोही दार वाजवून. तिथे चेंडू उंच मारायचा असतो. वर, वर, ढगापाशी, आणि मग होलभोवतीच्या हिरवळीवर अलगद उतरवायचा. बायका टाळ्या वाजवतात.

निवृत्त होऊन तो हे सगळं घेऊन इथे आला. चामड्याची नवी पिशवी, काठ्यांच्या डोक्यांवर फीमीने विणलेल्या लोकरी टोप्या, आणि छत्री. पोर्टस्केलीत छत्री! ती पहिल्याच आठवड्यात उलटी होऊन बंदरात गेली. त्याने दुसरी आणली. मला वाटतं हा माणूस कसा आहे हे यातच आलं. फटका मारला की तो हात डोक्यामागे नेऊन तसाच उभा राहायचा, कुणी पुतळा घडवायला बसलंय अशा थाटात. चेंडू वर जायचा, वाऱ्याला भेटायचा, विचार बदलायचा आणि बहुतेक वेळा त्याच्याच मागे येऊन पडायचा. तो तरीही तसाच उभा. शनिवारी शेडीत सगळे सूप प्यायला बसले की तो बाकाच्या टोकाला बसायचा. कुणी सरकून जागा द्यायचं नाही आणि कुणी उठही म्हणायचं नाही.

खिळा शुक्रवारी समुद्रावरून आला. मी त्याला धक्क्यावरच गाठलं. बुटका, रुंद, हातांवर मिठाच्या भेगा. मी सगळं सांगितलं. तो दोरी गुंडाळत होता, ती गुंडाळून झाली तेव्हा म्हणाला, "नाव लागलंय?"

"लागलंय."

"मग लागलंय."

"पण तुझी जागा होती ती. एकोणीस वर्षं."

"शाळेत काय शिकवतात रे तुम्हाला?" एवढं म्हणून तो घरी गेला. मला वाटलं, सुटलो. माझी अक्कल तेवढीच.

सामन्याला सहा आठवडे होते. पुढच्या मंगळवारी रेशीम एकटाच मैदानावर सराव करत होता आणि मी प्रायश्चित्त म्हणून त्याचे चेंडू गोळा करत होतो. ईशान्येकडून वारा सुटला होता. रेशीमने सात नंबरची काठी घेतली, पाय रोवले, पूर्ण ताकद लावली. चेंडू वर गेला, थांबला, आणि परत येऊन वाळूत पडला. समुद्राच्या भिंतीवर खिळा बसला होता. कधीपासून ते माहीत नाही.

"मिस्टर फ्लेट," तो तिथूनच ओरडला, "तो चेंडू घरी यायचं म्हणतोय. त्याला चावी द्या."

रेशीमने ऐकलं नाही असं दाखवलं आणि आणखी जोरात मारला. चेंडू आणखी उंच गेला आणि आणखी मागे आला.

"जोर लावू नका हो! जेवढा जोर, तेवढा चेंडू फिरतो, जेवढा फिरतो तेवढा वर चढतो. वाऱ्याला हेच पाहिजे असतं. तुम्ही त्याला हातात आणून देताय."

"जोसेफ," रेशीम म्हणाला, "मी पर्थला तीस वर्षं खेळलोय."

"पर्थला वारा नाही. पर्थला फक्त हवा आहे."

रेशीमचा चेहरा लाल झाला. तो काठी पिशवीत कोंबायला लागला, पण टोपी बसेना. मग एकदम म्हणाला, "हे नीट झालं नाही ना, तर मी घर विकतो. विकून परत जातो. फीमीला सांगितलंय मी. सगळ्या गावासमोर तमाशा झाल्यावर इथे राहायला मी काही... मी विकतो."

खिळा भिंतीवरून उतरला. "किती घेणार?"

"काय?"

"घराचे. किती घेणार? माझ्या भावाला पाहिजे आहे. परसात नळ आहे ना?"

मला हसू आवरेना. रेशीमला रडू आवरेना असं वाटलं, पण तो विमेवाला होता, त्याने आवरलं. फीमीने मात्र मला दुसऱ्या दिवशी दुकानात कोपऱ्यात घेतलं. ती इथलीच, कूलांची. नवऱ्यामागे पर्थला गेलेली. "चाळीस वर्षं मी तिथल्या खिडकीतून भिंत बघितली," ती म्हणाली. "आता मला रोज समुद्र दिसतो. तू त्याला परत पाठवलंस ना, तर तुझ्या आईला मी सगळं सांगेन." काय सांगणार ते तिने सांगितलं नाही. माझ्या आईला सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

पण मला काही करावं लागलं नाही. खिळा दुसऱ्या दिवशीही आला, तिसऱ्या दिवशीही. दया वगैरे नव्हती ती. घाणेरडी मारलेली गाठ दिसली की तो ती सोडून पुन्हा मारतो, बोट कुणाचीही असो. तशातलाच हा प्रकार.

"ऐका," तो म्हणाला. "चेंडू उजव्या पायाशी. तिकडे नाही, तो डावा. चेंडू मागे, हात पुढे, वजन डाव्या पायावर. काठी आखूड धरा, बोटं लोखंडाजवळ. मागे न्यायची ती कंबरेपर्यंत. पुढे जायची ती कंबरेपर्यंत. मारलं की थांबायचं. दार लावतो तसं. दार लावल्यावर तुम्ही हात डोक्यावर नेऊन उभे राहता का?"

"तालबद्ध शेवट हा फटक्याचा..."

"राहता का?"

"नाही."

"मग."

कळायला सोपं होतं. पण तीस वर्षांची पुतळा व्हायची सवय. कंबरेपाशी थांबायचं म्हटलं की हात आपोआप वर. खिळ्याने चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी खेकड्याच्या पिंजऱ्याची दोरी आणली. एक टोक रेशीमच्या मनगटाला, दुसरं पट्ट्याला. गाठ अशी की ओढाल तितकी घट्ट. हात कंबरेच्या वर गेला की पट्टा वर, पट्ट्याबरोबर विजार वर, आणि रेशीम टाचांवर. पहिल्या दिवशी त्याचा आवाज दोन सूर वर चढला. त्या दोरीत तो तीन आठवडे खेळला. एकदा सोडायचं विसरून दुकानात गेला आणि वरच्या फळीवरचा ओटचा डबा काढायला हात वर केला. त्याबद्दल मी लिहीत नाही. दुकानात बायका होत्या.

मग कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. आमच्या मैदानाच्या कडेला गावातल्या बायकांचा तो हक्क आहे, मैदानाहूनही जुना. सोमवारी तिथे चादरींची अख्खी बोट उभी राहते. खिळ्याने सोमवारच निवडला.

"दोरीखालून मारायचा. चादरीला लागता कामा नये."

"रिकाम्या दोरीखालून मारतो की, मंगळवारी."

"रिकाम्या दोरीला तुम्ही घाबरत नाही."

पहिला चेंडू बेला कूलच्या चादरीत. बेला सहा फूट उंच, तिचा आवाजही तेवढाच. तिने चादर उतरवली, त्यावरचा मातीचा शिक्का गावाला दाखवला आणि ती रेशीमच्या हातात दिली. "धुवा."

"मॅडम, मी याची भरपाई..."

"भरपाई नको. धुवा."

आणि त्याने धुतली. तिच्याच अंगणात, तिच्याच टबात, बाह्या वर करून. त्या सोमवारी दोन चादरी, पुढच्या सोमवारी एक, त्याच्या पुढच्या सोमवारी एकही नाही. तेव्हा कुठे मी पहिल्यांदा तो फटका त्याच्या काठीतून निघताना पाहिला. चेंडू गुडघ्याएवढ्या उंचीवरून निघाला, वाऱ्याच्या पोटाखालून, गवतावर टेकला आणि पळत सुटला. कुत्रा घर दिसल्यावर पळतो तसा.

"हां," खिळा म्हणाला. रेशीमच्या चेहऱ्यावर अशी काही प्रभा फाकली की खिळ्याला लगेच पुढे बोलावं लागलं, "चुकून बसला. पुन्हा मारा."

एवढ्यावर माणसाने गप्प बसावं की नाही? रेशीमने त्या रात्री एक वही केली. "कमी उंचीच्या नियंत्रित फटक्याची सहा तत्त्वे." मला वाचायला दिली. खिळ्याचं नाव त्यात कुठे नव्हतं. दोरीचं होतं, पण "मी योजलेला एक उपाय" असं.

सामन्याचा दिवस उजाडला तो पोर्टस्केलीला साजेसा. वारा सुसाट, पाऊस आडवा, समुद्र भिंतीवर थुंकतोय. मिस्टर पिरीने यादी वाचली, सभ्य नावांची, आणि म्हणाला, "अरे वा, यंदा माणसं आणलीत." कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही.

रेशीमचा प्रतिस्पर्धी क्रेगीचा खाटीक, नॉर्मन स्ट्रॉन. मान नसलेला, मनगटं मांडीएवढी. त्यांची जोडी शेवटची. मी गुण लिहायला बरोबर. खिळा आपणहून आला. "बूट नवे आहेत," म्हणाला, "चालवायला पाहिजेत." बूट त्याच्या बापाचे होते.

कमी फटक्यांत जो चेंडू आत घालेल त्याचा तो होल, आणि पहिल्या सहा होलांत रेशीम तीनने मागे पडला. वाऱ्याकडे पाठ असलेल्या होलांवरही तो बुटकाच फटका मारत होता. तिथे उंच मारला असता तर वाऱ्याने चेंडू आयता हिरवळीवर नेऊन ठेवला असता. "इथे वर मारा, देवासाठी," खिळा दात आवळून माझ्याशी बोलला, कारण सामन्यात सल्ला देता येत नाही. पण रेशीमला आता एकच येत होतं आणि तेच तो करत होता. परतीच्या वाटेवर सगळे होल वाऱ्याच्या तोंडात. तिथे खाटकाची मनगटं त्याला आडवी आली. तो जोर लावायचा, चेंडू चढायचा, वारा परत करायचा. रेशीमचे बुटके, कंटाळवाणे, सरपटणारे फटके एकेक होल परत घेत गेले. त्यात देखणं काही नव्हतं. कुणी भाजी निवडत बसावं तसं ते होतं.

सतराव्या होलनंतर दोघे बरोबरीत. आणि नेमकं तेव्हाच बातमी आली की पुढच्या सात जोड्यांत आम्ही पाच जिंकलोय. सामना संपला होता. आमचा झाला होता. पाऊस वाढला, आणि भिंतीपाशी उभे असलेले सगळे, आमचे आणि त्यांचे, शेडीत सूप प्यायला गेले. दार वाऱ्याने आपटायला लागलं तेव्हा आतून कुणीतरी कडी लावली.

अठरावा होल समुद्राच्या भिंतीला धरून सरळ जातो. दीडशे यार्ड, डाव्या हाताला काटेरी झुडपं, उजवीकडे वाळू, आणि हिरवळ एका उंचवट्यावर, शेडीच्या खिडकीसमोर. खिडकीवर आतून वाफ धरली होती.

खाटकाने लाकडी काठी घेतली आणि अंगात होतं नव्हतं ते सगळं लावलं. चेंडू सुंदर गेला, उंच गेला, आणि अर्ध्या वाटेवर त्याला काहीतरी आठवलं. पडला तो हिरवळीच्या चाळीस पावलं अलीकडे.

रेशीमने पाच नंबरची काठी काढली. हातमोजे काढले, दोन्ही. बोटं खाली, लोखंडापाशी. चेंडू उजव्या पायाशी. त्याने एकदा शेडीकडे पाहिलं. मग मारला.

मी त्या मैदानावर वाढलोय. खिळ्याला मारताना शेकडो वेळा पाहिलंय. असा मी एकदाही पाहिला नव्हता. आवाज कोरडा, छोटा. चेंडू गुडघ्याच्याही खाली, गवताच्या शेंड्यांना चाटत गेला. वाऱ्याला तो सापडलाच नाही. पन्नास पावलं अलीकडे टेकला, पळाला, उंचवट्याच्या पायथ्याशी जरा मंदावला, चढला, आणि होलपासून हातभर अंतरावर उभा राहिला. आणि रेशीमचे हात कंबरेपाशी थांबलेले होते. पुतळा नाही, काही नाही. दार लावल्यासारखा.

मग त्याने वळून पाहिलं. मागे पाऊस होता, मी होतो, आणि पाठ वळवून भिंतीच्या आडोशाला वाकलेला खिळा.

खाटकाने आणखी दोन फटक्यांनंतर हार मानून हात पुढे केला. तो क्रेगीचा असूनही म्हणाला, "असला मी पाहिला नाही." मग तोही सुपाकडे पळाला.

"पाहिलास, जोसेफ?" रेशीमने खिळ्याला विचारलं.

"काय?"

"फटका."

"पाईप पेटवत होतो."

त्या वाऱ्यात काडी पेटत नाही, हे पोर्टस्केलीत पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक आहे. खिळ्याने पाईप खिशात घातला आणि तो घराकडे चालू लागला. सूप नको म्हणाला.

रेशीम माझ्याजवळ आला. नाकावरून पाणी ठिबकत होतं. "तुम्ही पाहिलात," तो म्हणाला. "आत गेल्यावर सांगा ना. मी सांगितलं तर... मी सांगितलं तर ते मीच सांगितल्यासारखं होईल. तुमच्या तोंडून एकदा."

"सांगतो की," मी म्हणालो. "त्यात काय."

आत वाफ, गोंगाट, हाडकं घालून उकळलेल्या बार्लीच्या सुपाचा वास. गाजरने मला वाडगा दिला. "रेशीमचं काय?"

"जिंकला."

"जिंकला? कसा काय?"

सगळे बघायला लागले. रेशीम दारापाशी उभा होता, ओले हातमोजे हातात धरून. तोंड उघडायचं आणि सांगायचं, एवढंच होतं. आणि मला तो चेहरा दिसला, तयार होऊन बसलेला, वहीच्या सातव्या तत्त्वासाठी पान उघडून ठेवलेला. मी सुपाचा एक घोट घेतला.

"एका होलने," मी म्हणालो.

"हं," गाजर म्हणाला आणि पुन्हा बेला कूलच्या चादरींचा विषय निघाला. हशा झाला. बाकाच्या टोकाला कुणीतरी थोडं सरकलं. जागा द्यायला की पाय पसरायला, ते कळलं नाही. रेशीम तिथे बसला.

घर विकलं नाही. फीमीला समुद्र दिसतो, खिळ्याच्या भावाला नळ मिळाला नाही. पुढच्या वर्षी मी यादी टोपणनावांसकट लिहिली. खिळा संघात आला, गाजर पाठदुखीने बसला, त्याच्या जागी रेशीम. मिस्टर पिरीने ती मोठ्याने वाचली आणि आम्ही त्याला वाचू दिली.

आता रेशीम शांत हवेतही बुटकाच मारतो. उन्हाळ्यात एडिनबराहून येणाऱ्या पाहुण्यांना धरून धरून शिकवतो, "मी विकसित केलेली पद्धत" म्हणतो, आणि दोरी वीस पेन्सला विकतो, पाऊण यार्ड. खिळा ते ऐकून भिंतीवरून थुंकतो. छत्री पाचवी आहे. असा माणूस जवळच्या बाकावर बसला की माझं सूप थंड होतं.

पण दर शनिवारी, शेडीत बोलणं जरा थांबलं, स्टोव्हचाच काय तो आवाज उरला, की तो माझ्याकडे बघतो. मागत नाही. विम्याच्या कचेरीत वाट बघायला शिकवत असावेत. मी वाडग्यात बघतो. चार वर्षं झाली. एक वाक्य आहे, फार तर दोन. शनिवारी द्यावं म्हणतो, आणि मग शनिवारी कुणीतरी दुसराच विषय काढतो.